व्हिएन्नाचा उभा श्रोता

श्रोतेहो, युरोपातील एखाद्या राजधानीत जाऊन तेथील कलांचा आस्वाद घ्यावयाचा म्हटले, की आपल्याकडील सामान्य मनुष्याच्या डोळ्यांपुढे प्रथम उभा राहतो तो खर्च. झुंबरे लखलखत आहेत, मखमली खुर्च्यांवर धनिक मंडळी विराजमान झाली आहेत, आणि दाराशी एक गणवेषधारी इसम आपल्या पायांतील वहाणांकडे कुर्ऱ्याने पाहत आहे, असे काहीसे चित्र त्याच्या मनात असते. हे चित्र सर्वस्वी खोटे आहे असे नव्हे. तथापि ज्या नगरीस संगीताची राजधानी असे नामाभिधान मिळाले आहे, त्या ऑस्ट्रियातील व्हिएन्ना शहरापुरते तरी ते अपुरे आहे. तेथील नाट्यगृहांत मखमली खुर्चीवाल्यांहूनही ज्याच्या मताची गायक-वादकांस अधिक धास्ती वाटते, असा एक वर्ग आहे. हा वर्ग बसत नाही; तो उभा राहतो. आज मला बोलावयाचे आहे ते या उभ्या श्रोत्याविषयी. त्याची ओळख करून घेतली, म्हणजे व्हिएन्नाची कला मुळात कोणाची होती, ती लोकांच्या हाती कशी आली, आणि हाती आल्यावर लोकांनी तिचे काय केले, हे तिन्ही प्रश्न ओघानेच आपल्यापुढे येतात.

शहराच्या मध्यभागी, जुना तट पाडून त्या जागी केलेल्या रिंगश्ट्रासे नावाच्या वळणदार राजरस्त्यावर, तेथील सरकारी ऑपेरागृह आहे. ऑपेरा म्हणजे आपण जिला संगीतिका म्हणतो ती. आपल्या संगीत नाटकात गद्य संवाद चालू असतात आणि प्रसंग साधून मधूनमधून पदे येतात. ऑपेरात बहुधा आरंभापासून अखेरपर्यंत सारा व्यवहार गाऊनच चालतो. रंगमंचापुढील खोलगट जागेत साठ-सत्तर, प्रसंगी शंभराच्या आसपास वादक बसलेले असतात आणि त्यांचे वादन अखंड चालू असते. गायकापुढे ध्वनिक्षेपक नसतो. त्या सर्व वाद्यांच्या कल्लोळावरून त्याचा उघडा कंठ शेवटच्या माळ्यापर्यंत पोहोचावा लागतो. हंगाम सप्टेंबरपासून जूनपर्यंत चालतो, आणि त्या दहा महिन्यांत तीनशेहून अधिक प्रयोग होतात. एकच नाटक महिनाभर लावून ठेवण्याची तेथे पद्धत नाही. आज मोत्सार्ट, उद्या व्हेर्दी, परवा वाग्नर, तेरवा नृत्यनाट्य, असा दररोज खेळ बदलतो. त्यामुळे त्याच गावात राहणाऱ्या रसिकास आठवड्यातून चार वेळा जावयाचे मनात आले, तरी नवीन काही ऐकल्याचे समाधान मिळते. प्रश्न असतो तो एवढाच, की आठवड्यातून चार वेळा जाण्याइतके पैसे कोणापाशी असतात?

बसण्याच्या जागा सतराशेंच्या घरात आहेत आणि त्यांतील उत्तम जागांची तिकिटे शेकडो युरोंची असतात. परंतु त्यांखेरीज त्याच गृहात शेकडो जागा उभ्या श्रोत्यांसाठी राखलेल्या आहेत, आणि तेथील तिकीट एखाद्या बेताच्या जेवणाच्या खर्चात मिळते. पूर्वापार रीत अशी, की प्रयोगापूर्वी सव्वा तासाच्या सुमारास एका बाजूच्या दाराशी तिकिटांची खिडकी उघडे. लोक दुपारपासूनच रांग धरीत. एखादा नामांकित गायक यावयाचा असला, तर आदल्या रात्रीपासून घड्या होणाऱ्या खुर्च्या, थर्मास आणि पांघरूण घेऊन येणारी मंडळीही असत. अलीकडे काही तिकिटे घरबसल्या संगणकावरून घेता येतात आणि रांगेची ऐट थोडी ओसरली आहे. मात्र रांगेत जे शिक्षण होत असे, ते संगणक देऊ शकेल असे मला वाटत नाही. पाच तास शेजारी उभ्या असलेल्या म्हाताऱ्याने हीच संगीतिका चाळीस वेळा ऐकलेली असते, आणि कोणत्या गायिकेचा कोणता स्वर कोणत्या साली घसरला, हे तो आपल्याला न विचारताच सांगू लागतो!

आत गेल्यावर काय करावयाचे, तेही ठरलेले आहे. उभ्यांच्या जागेत पायऱ्यापायऱ्यांच्या ओळी असून प्रत्येक ओळीपुढे टेकावयास कठडा असतो. आपली जागा निश्चित झाली, की गळ्यातील रुमाल काढून तो त्या कठड्याला बांधावयाचा. एवढे केले म्हणजे जागा आपली झाली. मग खुशाल बाहेर जाऊन काही खाऊन यावे, कोणी तिला हात लावणार नाही. आपल्याकडे एस्टीच्या खिडकीतून बाकावर रुमाल टाकून जागा धरतात, त्याचेच हे भावंड म्हणावयास हरकत नाही. फरक इतकाच, की तेथे त्या रुमालावरून भांडण होत नाही. कठड्याला लहानसा प्रकाशपट बसविलेला असतो आणि गायनाचा अर्थ इंग्रजीत व अन्य भाषांत त्यावर उमटत जातो. जर्मन वा इटालियन भाषा येत नाही, ही सबब आता उरलेली नाही.

या जागांपैकी सर्वांत हवीहवीशी जागा कोठे आहे, हे ऐकण्यासारखे आहे. तळमजल्यावर खुर्च्यांच्या मागे, रंगमंचाच्या अगदी समोर, मधोमध ती आहे. तिच्या बरोबर डोक्यावर जो भव्य सज्जा आहे, तो एके काळी बादशहाचा होता. वर बादशहा आणि खाली विद्यार्थी, कारकून, शिंपी, गाण्याचे उमेदवार. दोघांसही जवळजवळ तेच दिसे आणि तेच ऐकू येई.

ही शेजारजोड एका दिवसात जुळून आली नाही. अठराव्या शतकात ऑस्ट्रियाच्या गादीवर हाब्सबुर्ग घराणे होते आणि चित्रे, गायक, शिकारीची राने, सारे काही त्या घराण्याची खासगी मिळकत समजली जाई. दुसरा योझेफ हा बादशहा वृत्तीने सुधारक होता. त्याने १७६६ साली प्राटर नावाचे राजघराण्याचे शिकारीचे रान सर्व प्रजेस फिरावयास मोकळे केले. पुढे १७७६ साली दरबारी नाट्यगृहास त्याने राष्ट्रीय नाट्यगृहाचा दर्जा दिला, आणि १७८१ साली बादशाही चित्रसंग्रह बेल्व्हेडेअर राजवाड्यात मांडून तो ठराविक दिवशी लोकांस विनामूल्य पाहावयास खुला केला. अट काय, तर येणाऱ्याचे जोडे स्वच्छ असावेत. जात, कूळ वा पदवी यांची चौकशी नाही. पायांस चिखल मात्र नको. सार्वजनिक संस्थेत प्रवेशाचा याहून शहाणा नियम मी तरी वाचलेला नाही.

नाट्यगृहेही तटाबाहेरच्या वस्तीत पोहोचली होती. मोत्सार्टची ‘मायावी बासरी’ ही संगीतिका ३० सप्टेंबर १७९१ रोजी प्रथम झाली, ती राजवाड्यात नव्हे, तर उपनगरातील एका भल्या थोरल्या चाळवजा इमारतीच्या आवारात असलेल्या नाट्यगृहात. तीत तत्त्वज्ञान आहे आणि पिसे लावलेला विनोदी पारधीही आहे. दोन्ही तऱ्हांचे प्रेक्षक एकाच छताखाली बसत, म्हणून दोन्हींची तरतूद. मार्च १८२७ मध्ये बेथोव्हेन निवर्तला, तेव्हा त्याच्या अंत्ययात्रेस हजारो नागरिक लोटले. मशाली धरून चालणाऱ्यांत एक ठेंगणा, चष्मा लावलेला तरुण होता, त्याचे नाव फ्रान्झ शुबर्ट. हा एका शाळामास्तराचा मुलगा, आणि स्वतःही बापाच्या शाळेत काही वर्षे मुलांस मुळाक्षरे शिकवीत असे. मास्तरकीच्या पेशातील आम्हा मंडळींस त्याचा अभिमान वाटावा हे साहजिक आहे. पण खरे सांगावयाचे तर त्याने ती नोकरी सोडली, हेच जगाच्या दृष्टीने बरे झाले. त्याचे केवळ स्वतःच्या रचनांचे असे जाहीर जलसे हयातीत किती झाले? एक. २६ मार्च १८२८ रोजी. त्याच वर्षी नोव्हेंबरात, एकतिसाव्या वर्षी, तो वारला. व्हिएन्नाचे लोक रसिक आहेत, पण त्यांची रसिकता पुष्कळदा प्रेतयात्रेच्या वेळी जागी होते.

याचे दुसरे उदाहरण खुद्द ऑपेरागृहच आहे. फ्रान्झ योझेफ बादशहाने १८५७ साली शहराचा तट पाडण्याची आज्ञा दिली आणि मोकळ्या झालेल्या पट्ट्यात नव्या इमारती उठू लागल्या. ऑपेरागृहाचे काम व्हान डेर न्यूल आणि झिकार्ड्सबुर्ग या दोघा वास्तुशिल्पकारांस मिळाले. बांधकाम चालू असताना पुढील रस्त्याची पातळी सुमारे एका मीटरने उंच करण्यात आली. साहजिकच इमारत खचल्यासारखी दिसू लागली. मग काय, लोकांनी व वृत्तपत्रांनी तिची टर उडविली. बुडालेली पेटी असे तिला नाव पडले. व्हान डेर न्यूल याने एप्रिल १८६८ मध्ये गळफास घेतला, आणि त्यानंतर जेमतेम दोन-अडीच महिन्यांत झिकार्ड्सबुर्गही आजाराने गेला. २५ मे १८६९ रोजी मोत्सार्टच्या ‘डॉन जोव्हानी’ने गृहाचे उद्घाटन झाले, तेव्हा ते उभारणारे दोघेही हयात नव्हते. आज त्याच इमारतीची छायाचित्रे टपालकार्डांवर विकली जातात.

येथवर लोकांस आत येण्याची वाट मोकळी झाली. पण आत येणे वेगळे आणि ऐकणे वेगळे. ऐकावयास शिकविले ते गुस्टाव्ह माहलर याने. हा थोर रचनाकार १८९७ पासून १९०७ पर्यंत, दहा वर्षे, ऑपेराचा प्रमुख होता. तत्पूर्वी श्रीमंत मंडळी आपल्या सज्जात उशिरा यावयाची, एकमेकांचे अलंकार न्याहाळावयाची, गप्पा मारावयाची. गायकांनी पैसे देऊन ठेवलेली टाळ्या वाजविणारी टोळीही असे. माहलरने प्रेक्षागृहातील दिवे मंद केले, उशिरा येणारास खेळ चालू असता आत येण्यास बंदी घातली, आणि भाडोत्री टाळ्यांविरुद्ध मोहीम उघडली. खुर्चीवाले रागावले. उभे श्रोते, विशेषतः तरुण विद्यार्थी, त्याच्यावर लुब्ध झाले. कटकटींना कंटाळून डिसेंबर १९०७ मध्ये तो शहर सोडून निघाला, त्या दिवशी सकाळी रेल्वेस्थानकावर निरोप द्यावयास सुमारे दोनशे चाहते हजर होते.

त्या शिस्तीची छाया अद्याप आहे. आपल्याकडे चांगली तान पडली, की ‘वाहवा’ म्हणणे हे श्रोत्याचे कर्तव्यच. नाट्यगीताला ‘वन्स मोअर’ मिळाला नाही, तर गायक नाराज होई. तेथे गीत पुरे होईपर्यंत शांत राहावयाचे असते. गीत संपल्यावर टाळ्या चालतात. परंतु वाग्नरच्या ‘पार्सिफाल’चा पहिला अंक संपला, की टाळीच वाजवावयाची नाही असा व्हिएन्नातील जुना संकेत आहे. परगावचा कोणी भाबडेपणाने हात उचलू लागला, तर उभ्यांच्या जागेतून ‘श्श्’ असा आवाज येतो. मला हा संकेत थोडा अतिरेकी वाटतो. पण तो पाळणारे लोक पोलिसांच्या भीतीने पाळीत नाहीत, एवढे मात्र मान्य केले पाहिजे.

माहलरच्याच काळात आणखी एक गोष्ट घडली, जिचा उल्लेख प्रवासवर्णनांत सहसा येत नाही. डाव्हिड योझेफ बाख नावाचा एक समाजवादी पत्रकार होता. उत्तम वाद्यवृंदसंगीत कामगारांस त्यांच्या ऐपतीत ऐकावयास मिळाले पाहिजे, असा ध्यास घेऊन त्याने १९०५ साली कामगारांसाठी जलसे सुरू केले. पहिला जलसा डिसेंबरअखेर झाला, तोही एखाद्या पडवीत नव्हे, तर शहरातील सर्वोत्कृष्ट सभागृहात. कामगारांना हलकेफुलके द्यावे असे त्याने मानले नाही. बेथोव्हेन आणि माहलर यांच्या भारी रचना तो त्यांच्यापुढे ठेवी. आंटोन व्हेबर्न हा नव्या, दुर्बोध समजल्या जाणाऱ्या संगीताचा रचनाकार १९२२ पासून या जलशांचे संचालन करीत असे. फेब्रुवारी १९३४ मध्ये तेथे यादवी होऊन समाजवादी पक्षावर बंदी आली, आणि हे जलसेही बंद पडले. बाख पुढे लंडनला परागंदा झाला व तेथेच वारला.

ज्या सभागृहाचा मी उल्लेख केला, ते म्युझिकफेराइन या इमारतीतील सोनेरी दिवाणखाना होय. १८१२ साली स्थापन झालेल्या संगीतरसिकांच्या एका मंडळाने ही इमारत बांधली; तिची रचना थेओफिल हान्झेन याची, आणि उद्घाटन झाले ६ जानेवारी १८७० रोजी. येथे थोडे थांबावेसे वाटते. हा दिवाणखाना सुमारे ४९ मीटर लांब, १९ मीटर रुंद आणि १८ मीटर उंच, म्हणजे जोड्याच्या खोक्यासारखा लांबट चौकोनी आहे. सभागृहातील नादाचे गणित वॉलेस सॅबिन या अमेरिकन शास्त्रज्ञाने मांडले आणि त्या गणिताच्या आधाराने बॉस्टनचे सभागृह १९०० साली उघडले. तेव्हा हान्झेनपाशी हे शास्त्र नव्हते. तरीही त्याचे काम साधले. कारणे आज सांगता येतात. दालन अरुंद असल्यामुळे वाद्यांचा नाद दोन्ही बाजूंच्या भिंतींवर आपटून फार लवकर श्रोत्याच्या कानी परत येतो, आणि आपण नादाच्या मधोमध बसलो आहोत असे वाटते. भिंतींलगतच्या सोनेरी मूर्ती, सज्जे आणि छताच्या खोबणी केवळ शोभेच्या नाहीत. त्या नाद फोडून सर्वत्र विखरतात. जमिनीच्या लाकडी तक्तपोशीखाली पोकळी आहे, आणि छत वरून टांगलेले आहे. सतारीच्या भोपळ्यात स्वर घुमतो, तसा येथे साऱ्या दालनात घुमतो. श्रोत्यांनी भरलेल्या दालनात तो सुमारे दोन सेकंद रेंगाळतो. याहून कमी असता तर संगीत कोरडे वाटते, आणि अधिक असता तर स्वरांत स्वर मिसळून गोंधळ होता.

येथेही मागच्या बाजूस सुमारे तीनशे उभ्यांच्या जागा आहेत. पुढे उभे राहणाऱ्यांची डोकी आड येतात, वादक दिसत नाहीत. पण डोळे मिटून ऐकणारास त्याचे सोयरसुतक नसते. याच दालनात ७ मार्च १८९७ रोजी योहानेस ब्राह्म्सने आपली चौथी सिंफनी ऐकली. तो तेव्हा मरणाच्या वाटेवर होता, चेहरा ओळखू येत नव्हता. प्रत्येक भागानंतर श्रोते त्याच्याकडे वळून टाळ्या वाजवीत राहिले. महिना लोटला नाही तोच, ३ एप्रिल रोजी, तो गेला.

या दालनाशी आपल्या मुंबईचाही संबंध आहे. मुंबईतील पारशी कुटुंबात १९३६ साली जन्मलेले झुबिन मेहता अठराव्या वर्षी, १९५४ साली, संगीत शिकावयास व्हिएन्नाला गेले. हान्स श्वारोव्स्की हे त्यांचे गुरू. मोठमोठ्या संचालकांच्या तालमी पाहावयाच्या होत्या, पण विद्यार्थ्यांस तेथे मज्जाव. तेव्हा मेहता आणि त्यांचे सहाध्यायी क्लाउडियो अब्बाडो यांनी युक्ती योजली. म्युझिकफेराइनच्या गायकवृंदात दोघेही गायक म्हणून दाखल झाले! तालीम पाहण्याची याहून चांगली जागा कोणती? संचालकाचे तोंड गायकांकडेच असते. हेही एक प्रकारचे उभ्याचे तिकीटच. पुढे याच दालनातील नववर्षाच्या जगप्रसिद्ध जलशाचे संचालन मेहतांनी १९९०, १९९५, १९९८, २००७ आणि २०१५ असे पाच वेळा केले.

हा जलसा करणारा व्हिएन्ना फिलहार्मोनिक वाद्यवृंद १८४२ साली निघाला. त्याचे वादक सायंकाळी ऑपेरात वाजविणारेच असतात. आधी ऑपेराच्या वृंदात निवड व्हावी लागते, तेथे काही वर्षे काढावी लागतात, मग फिलहार्मोनिकचे सदस्यत्व. कारभार सदस्य स्वतःच पाहतात. ही स्वायत्तता भूषणावह खरी. परंतु याच स्वायत्त मंडळाने स्त्री वादकांस १९९७ सालापर्यंत सदस्यत्व दिले नव्हते, हेही सांगितले पाहिजे.

आता श्रोतेहो, जी गोष्ट टाळून पुढे गेल्यास हे व्याख्यान निव्वळ गोडगोड होईल, ती सांगतो. बादशाही सज्जाखालील त्या उभ्यांच्या जागेत, या शतकापूर्वीच्या शतकाच्या आरंभी, एक फटकळ, निर्धन तरुण वाग्नरच्या संगीतिका ऐकावयास वारंवार येत असे. त्याचा तेव्हाचा मित्र ऑगस्ट कुबिझेक याने त्या दिवसांच्या आठवणी पुढे लिहून ठेवल्या आहेत. मे १९०६ मध्ये या तरुणाने ‘ट्रिस्टान’ ऐकली, ती माहलरच्याच संचालनाखाली. माहलर जन्माने ज्यू होता. तरुणाचे नाव अडॉल्फ हिटलर.

मार्च १९३८ मध्ये तोच मनुष्य ऑस्ट्रिया गिळंकृत करून व्हिएन्नात आला आणि लाखो लोकांनी रस्त्यांवर व चौकांत त्याचा जयजयकार केला. त्या गर्दीत रसिक नव्हते असे कोण म्हणेल? आर्नोल्ड रोझे हा माहलरचा मेहुणा १८८१ पासून वाद्यवृंदाचा अग्रणी व्हायोलिनवादक होता. सत्तावन वर्षांच्या सेवेनंतर केवळ ज्यू म्हणून त्याला काढून टाकण्यात आले. तो लंडनला गेला आणि १९४६ साली तेथेच वारला. त्याची कन्या आल्मा ही औशविट्झच्या छळछावणीत कैदी स्त्रियांच्या वाद्यवृंदाची संचालिका होती. एप्रिल १९४४ मध्ये छावणीतच तिचा अंत झाला. फिलहार्मोनिकचे पाच सदस्य छावण्यांत मृत्यू पावले, आणि उरलेल्यांपैकी जवळजवळ निम्मे १९४२ पर्यंत नाझी पक्षाचे सभासद झाले होते. नववर्षाचा जो आनंदी जलसा आज साऱ्या जगात दाखविला जातो, त्याचा पहिला प्रयोग ३१ डिसेंबर १९३९ रोजी झाला आणि त्याचे उत्पन्न नाझींच्या निधीस गेले. वृंदाने या काळाचा इतिहास इतिहासकारांकडून तपासून घेतला आणि तो २०१३ साली प्रसिद्ध केला.

संगीताने मनुष्य सुसंस्कृत होतो असे आम्ही शिक्षक वर्गात सांगत आलो. व्हिएन्नाचा हा अध्याय वाचल्यावर ते वाक्य इतक्या बेधडकपणे उच्चारता येत नाही. कान तयार होतो, हे निश्चित. बाकीचे कानावर अवलंबून नसावे.

नियतीचा योग असा, की जर्मन सैन्य ऑस्ट्रियात शिरले त्या दिवसाला बरोबर सात वर्षे झाली त्याच तारखेस, १२ मार्च १९४५ रोजी, ऑपेरागृहावर बाँब पडले. रंगमंच आणि प्रेक्षागृह जळून खाक झाले. दर्शनी भाग आणि मोठा जिना तेवढा वाचला. शहरात अन्नाची वानवा होती, चार विजेत्या राष्ट्रांचे सैन्य तळ देऊन होते. अशा स्थितीतही त्याच वर्षी ऑपेराचे प्रयोग दुसऱ्या दोन नाट्यगृहांत सुरू झाले. मूळ गृहाची डागडुजी दहा वर्षे चालली. १९५५ साली परकीय सैन्य निघून गेले आणि लगेच, ५ नोव्हेंबर रोजी, बेथोव्हेनच्या ‘फिडेलिओ’ने गृह पुन्हा उघडले. अन्यायाने अंधारकोठडीत पडलेल्या पतीला पत्नी सोडविते, असे तिचे कथानक आहे. आत जागा न मिळालेले लोक बाहेर रस्त्यावर उभे राहून ध्वनिवर्धकांवरून ऐकत होते. संचालन केले कार्ल बोएम याने. आणि हाच गृहस्थ १९४३ पासून नाझी अमलाखालीही ऑपेराचा प्रमुख होता. बाहेर उभे असलेल्यांत कोणाला या गोष्टीची आठवण झाली असेल काय, हा प्रश्न माझ्या मनात राहतो.

कलासंग्रहालयांविषयी थोडक्यात सांगतो. बादशाही चित्रसंग्रह १८९१ पासून रिंगश्ट्रासेवरील कलेतिहास संग्रहालयात आहे. एकोणीस वर्षांखालील मुलांस तेथे प्रवेशमूल्य पडत नाही. सारे संग्रहालय एका दिवसात पाहण्याचा हट्ट धरू नये. पायांचे तुकडे पडतात आणि ध्यानात काहीच राहत नाही. पीटर ब्रॉयगेल याच्या चित्रांची खोली गाठावी आणि तेथेच तासभर बसावे. त्याच्या हातच्या चित्रांचा इतका मोठा संग्रह जगात अन्यत्र नाही. १५६५ सालचे ‘बर्फातील शिकारी’ पाहा. तीन थकलेले शिकारी, पाठीमागे माना खाली घातलेली कुत्री, आणि दूर गोठलेल्या तळ्यावर खेळणारी मुले. शिकाऱ्यांच्या पाठीवर लोंबते आहे एकच किडमिडीत कोल्हे. राजवाड्यात टांगलेल्या चित्रात राजा नाही, देव नाही. आहे तो रिकाम्या हाताने घरी परतणारा संसारी मनुष्य.

क्लिम्टचे ‘चुंबन’ बेल्व्हेडेअर राजवाड्यात आहे आणि त्यापुढे नेहमी गर्दी असते. त्याच भिंतींवर पूर्वी क्लिम्टनेच रंगविलेले आडेले ब्लोख-बाउअर हिचे सोनेरी चित्र होते. ते एका ज्यू कुटुंबाकडून नाझींनी बळकावलेले होते. दीर्घ न्यायालयीन झगड्यानंतर २००६ साली ते आणि आणखी चार चित्रे त्या कुटुंबाच्या वारसांस परत करावी लागली. जोडे स्वच्छ असावेत हा नियम चित्रे आणणारांसही लागू असावयास हवा होता.

राहिल्या काही व्यवहाराच्या सूचना. दुपारचा वेळ कॉफीगृहात काढावा. एक पेला कॉफी घेऊन दोन तास बसले तरी तेथे कोणी उठवीत नाही, आणि वर्तमानपत्रे लाकडी चौकटीत अडकवून वाचावयास ठेवलेली असतात. जुलै-ऑगस्टमध्ये ऑपेरागृह बंद असते, हे प्रवासाचा बेत करणाराने ध्यानात ठेवावे. मात्र त्या दिवसांत नगरभवनापुढील पटांगणात मोठ्या पडद्यावर संगीतिकांचे व जलशांचे चित्रपट विनामूल्य दाखवितात. हंगामाच्या आरंभी व अखेरीस, हवा चांगली असली म्हणजे, ऑपेरागृहाच्या बाहेरील भिंतीवरही आतील प्रयोग त्याच वेळी दाखविला जातो आणि लोक चौकात बसून पाहतात. आत जावयाचे असेल तर ओव्हरकोट बाहेर ठेवावा लागतो. जोडे आरामशीर असावेत. पहिल्याच संध्याकाळी वाग्नर ऐकावयास उभे राहण्याचे धाडस करू नये. ‘माइस्टरसिंगर’ मध्यंतरे धरून साडेपाच तासांच्या आसपास चालते, आणि तिसऱ्या अंकात संगीतापेक्षा गुडघेच अधिक बोलू लागतात. पुच्चिनीची ‘ला बोएम’ घ्यावी. ती दोन-अडीच तासांत आटोपते, गोष्ट गरीब कलावंतांची आहे, आणि फ्रँको झेफिरेली याने १९६३ साली बसविलेला तिचा प्रयोग तेथे अनेक दशके चालत आला आहे. रुमाल मात्र बरोबर असू द्यावा. कठड्याला बांधावयासही, आणि चौथ्या अंकासाठीही.